घाटाची भीती आणि विजेची गाडी

नमस्कार. विजेच्या गाडीचा विषय निघाला की आपल्याकडे दुसऱ्याच मिनिटाला प्रश्न येतो, "घाटात काय होतं हो?" आई-वडील, मुलं, डिकीत बॅगा आणि खाण्याचे डबे असा सगळा संसार घेऊन महाबळेश्वरला निघायचं आणि पसरणी घाटाच्या मध्यावर बॅटरी संपली तर? घरातल्या मोठ्यांना ही काळजी जास्त वाटते. मी आयुष्यभर विजेची यंत्रं शिकवली आणि आता घरच्यांना घेऊन याच वाटांवर विजेची गाडी चालवतो. माझं म्हणणं असं, की ही भीती चुकीच्या जागी बसली आहे. घाटाचा खर्च घरून निघण्याआधी मोजता येतो आणि त्यातला बराचसा उतरताना वसूलही होतो. बॅटरी खाते ती सरळ रस्त्यावरची घाई.

हिशेब तोंडीच करू. मध्यम आकाराची गाडी १,४०० किलोची, माणसं आणि सामान धरून १,८०० किलो. एवढं वजन १०० मीटर उंच न्यायला अर्धा युनिट वीज लागते. युनिट म्हणजे आपल्या घरच्या मीटरवरचाच. मोटरमधली आणि गिअरमधली गळती धरली तर अर्ध्याहून थोडं जास्त. वाई सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी १,३०० च्या जरा खाली. म्हणजे पसरणी घाटाची उंची सहाशेच्या आत-बाहेर आणि तिचा खर्च साडेतीन युनिटच्या आसपास. बारा-तेरा किलोमीटर रस्ता कापायचा दीड युनिट वेगळा. सगळे मिळून पाच. बॅटरी ४० युनिटची असेल तर १२-१३ टक्के. पाचगणीहून पुढे महाबळेश्वरपर्यंतचा चढ किरकोळ आहे.

पण गाडीच्या पडद्यावर हे असं शांतपणे दिसत नाही. "अजून किती किलोमीटर जाईल" हा आकडा गाडी नुकत्याच झालेल्या खर्चावरून काढते, त्यामुळे चढावर तो भराभरा पडतो. माझी आई पुढच्या सीटवर बसते आणि तिची नजर त्या आकड्यावरून हलत नाही. "अरे, बारा किलोमीटर आलो आणि हा पस्तीसने कमी झाला!" मी तिला एवढंच सांगतो, की किलोमीटर बघू नकोस, टक्के बघ. पाचगणी ओलांडली की तो आकडा स्थिरावतो, हे तिने आता स्वतः पाहिलं आहे. तुमच्याही घरच्यांना हे घाटाच्या आधीच समजावून सांगा. गाडीतलं एक माणूस घाबरलं की सगळी गाडी घाबरते.

आता घाईचं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून ११० वर गेलात की तो जवळपास दुप्पट होतो. पुण्याहून वाईकडे वळायच्या सुरूर फाट्यापर्यंत लोक गाडी हाणतात, तेव्हा ८० च्या तुलनेत जास्तीची जी वीज उडते, तेवढ्यात पसरणीची चढण जवळजवळ निघते. घाटात खर्च केलेली वीज निदान उंचीच्या रूपाने शिल्लक राहते. वाऱ्याला दिलेली गेली ती गेलीच.

खंबाटकीच्या चढावर उन्हाळ्यात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आपण लहानपणापासून पाहिल्या. इंजिन खालच्या गिअरमध्ये जोर लावतं, गाडी हळू चालत असते, रेडिएटरला वारा कमी मिळतो, आणि मग वडील म्हणायचे, "एसी बंद कर." विजेच्या मोटरला शून्य वेगापासून पूर्ण जोर असतो. नागमोडी वळणावर पुढची एसटी थांबली, तरी चढावरून पुन्हा उचलताना क्लच जळल्याचा वास नाही की गाडी मागे घरंगळणं नाही. पुष्कळ उंचीवर तर फरक आणखी पडतो. तिथे हवा विरळ, इंजिन धापा टाकतं. मोटरला हवा लागतच नाही. हिमाचलच्या राज्य परिवहनाने २०१७ मध्ये मनाली-रोहतांग मार्गावर विजेची बस चालवली. रोहतांगची उंची ३,९७८ मीटर आहे. तिथली थंडी मात्र बॅटरीला सोसत नाही, अंतर कमी मिळतं. सह्याद्रीत तो प्रश्न नाही.

उतार हा माझा सगळ्यात आवडता भाग. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने प्रतापगडाचा फाटा मागे टाकत पोलादपूरला उतरा. सुमारे ४० किलोमीटर रस्ता आणि १,३०० मीटर उतार. पाय उचलला की मोटर डायनॅमो होते, चाकं तिला फिरवतात आणि वीज बॅटरीत जाते. याचं पूर्ण नाव रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, पण सगळे नुसतं रिजन म्हणतात. बेताने चालवलं आणि एसी बंद ठेवला, तर पोलादपूरला बॅटरी महाबळेश्वरला होती त्यापेक्षा दोन-चार टक्के जास्त भरलेली असते. आमच्या सह्याद्रीला ही युक्ती नवी नाही. मुंबई-पुणे रेल्वेमार्गाचं विद्युतीकरण १९२९ मध्ये पुरं झालं. त्या काळी बोरघाटात मालगाड्या ओढणारी 'खेकडा' इंजिनं उतारावर वीज परत तारेत सोडत असत. आज तेच तत्त्व आपल्या घरच्या गाडीत आलं आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण ती सुरक्षिततेची आहे. महाबळेश्वरच्या मुक्कामी रात्रभर गाडी लावून बॅटरी १०० टक्के भरू नका आणि लगेच घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागा नसते, म्हणून रिजन जवळजवळ बंद पडतं. पाय उचलल्यावर सवयीप्रमाणे गाडी अडत नाही. सगळा भार साध्या ब्रेकवर येतो, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. ८५ टक्क्यांवर निघा. वरचे दोन-चार टक्के घाटच भरून देतो.

मागच्या सीटवरच्या मुलांचाही विचार करा. रिजन सर्वात कडक ठेवलं की पाय उचलताच गाडी हिसका देते, आणि वळणागणिक असे हिसके बसले की मळमळ ठरलेली. मधली पातळी ठेवा, पाय एकदम उचलू नका, हळूहळू सैल करा. वीज किंचित कमी मिळेल, पण पोरं हसत उतरतील.

पावसाळ्यात जाणार असाल तर उतार फुकट आहे म्हणून कमी बॅटरीवर खाली निघू नका. २०२१ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत आंबेनळीत दरडी कोसळल्या, रस्ता खचला, घाट बंद पडला. अर्ध्या घाटातून मागे फिरायची वेळ आली तर चढायला वीज हवी. पोलादपूरहून वर महाबळेश्वरपर्यंत ११-१२ युनिट लागतात, ४० च्या बॅटरीतली तीस टक्के. म्हणून खालून चढतानाही हाताशी निम्मी बॅटरी असू द्या.

राहिला मुक्काम. कोकणात किंवा पाचगणीत खोली ठरवताना फोनवर दोनच प्रश्न विचारा: पार्किंगपाशी १५ अँपिअरचं सॉकेट आहे का, आणि अर्थिंग नीट आहे का? जुन्या घरांत सॉकेट असतं, अर्थिंग नसतं, आणि अर्थिंग नसेल तर गाडी चार्ज व्हायला साफ नकार देते. ते योग्यच आहे. ती खोड काढायला वाकडे उपाय करू नका. नीट सॉकेट मिळालं तर तासाला सुमारे तीन युनिट भरतात, म्हणजे रात्रीत तीसेक. हे यजमानांच्या मीटरवर पडतं, तेव्हा त्याचे पैसे आपण होऊन वेगळे द्या.

सभागृहात हॉटेलवाली, होमस्टे चालवणारी मंडळीही दिसताहेत, त्यांना माझी विनंती आहे. मोठं चार्जिंग स्टेशन उभारायची गरज नाही. पार्किंगच्या भिंतीवर पावसापासून झाकलेलं एक १५ अँपिअरचं सॉकेट, त्याला स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप वीज तोडणारी कळ), स्वतंत्र सब-मीटर आणि अर्थिंगचा एक नीट खड्डा. तुमच्या गावचा वायरमन हे काम एका दिवसात करून देईल.