उसनी मतं

[दृश्य: लंडन, व्हाइटहॉल, रात्र. पुठ्ठ्याचे फलक, पोलिसांची रांग, अडकून पडलेल्या लाल बसगाड्या.]

शुक्रवार, 13 डिसेंबर 2019. ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीचा निकाल लागून चोवीस तासही उलटलेले नाहीत. डाउनिंग स्ट्रीटच्या लोखंडी फाटकाबाहेर जमाव घोषणा देतोय, ‘नॉट माय प्राइम मिनिस्टर’. चेहरे बहुतेक तरुण. त्याच दिवशी दुपारी, फाटकाच्या आत, दहा नंबरच्या दारासमोर उभं राहून विजयी हुजूर पक्षाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी देशाला सांगितलं होतं की आता जखमा भरून येऊ द्या.

रस्त्यावरच्या या मुलांना जखम नुकतीच झाली होती. आणि इथून साडेचारशे किलोमीटर उत्तरेला, डरहॅम आणि नॉर्थंबरलंडमधली वयस्क माणसं टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे बघून सांगत होती की आयुष्यात पहिल्यांदाच हुजूर पक्षाला मत दिलं. त्यांच्यासाठी जखम बरीच जुनी होती.

या दोन माणसांची गाठ कधी पडलीच नाही. त्या निकालानंतर जे काही बोललं गेलं, त्यातलं पुष्कळसं एकमेकांना न भेटलेल्या माणसांनी एकमेकांबद्दल बोललेलं होतं.

[दृश्य: संसदेतली जुनी चित्रफीत. सभापती ‘ऑर्डर, ऑर्डर’ ओरडताहेत.]

ब्रेक्झिटचं घोंगडं भिजत पडून साडेतीन वर्षं होत आली होती. जून 2016 च्या सार्वमतात 51.9 टक्के लोकांनी युरोपीय संघाशी काडीमोड घ्यायला कौल दिला. पुढे 2017 साली पंतप्रधान थेरेसा मे यांनी मुदतीआधी निवडणूक घेतली आणि होतं ते बहुमतही गमावलं. त्यांचा करार संसदेने तीनदा फेटाळला. जॉन्सन आले, त्यांनी संसद स्थगित केली, आणि सप्टेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती बेकायदा ठरवली. लोक विटले होते. राहायच्या बाजूचे विटले, जायच्या बाजूचे तर त्याहून जास्त. जॉन्सन यांच्या प्रचारात तीनच शब्द होते: ‘गेट ब्रेक्झिट डन’. एकदाचं उरका.

1923 नंतर पहिल्यांदाच डिसेंबरात सार्वत्रिक निवडणूक झाली. दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो अशा दिवसांत लोक मतदानाला गेले. गुरुवारी रात्री दहाला मतदान संपलं आणि त्याच ठोक्याला एक्झिट पोल झळकला. हुजूर पक्ष 368, मजूर पक्ष 191. मजूर पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. चलनबाजारात मात्र पौंड उसळला आणि 1.35 डॉलरच्या आसपास जाऊन पोचला. आता निदान अनिश्चितता संपली, एवढ्यावरच बाजार खूश होता.

[दृश्य: मतमोजणीचं सभागृह. लांब टेबलं, मतपत्रिकांचे गठ्ठे.]

रात्री साडेअकराच्या सुमाराला ब्लाइथ व्हॅलीचा निकाल आला. या गावापाशी थोडं थांबायला हवं.

ब्लाइथ हे उत्तर समुद्राच्या काठावरचं बंदर. इथून कोळसा जायचा, इथे जहाजं बांधली जायची. खाण कामगारांचा 1984-85 चा संप मोडला गेला आणि 1986 मध्ये इथली बेट्स खाण बंद झाली. संप मोडणारं सरकार हुजूर पक्षाचं, मार्गारेट थॅचर यांचं. ते नाव अशा गावांत आजही तोंडात कडू येतं. त्याच खाणीत काम केलेले रॉनी कॅम्पबेल 1987 पासून मजूर पक्षाचे इथले खासदार होते, आणि 2017 साली ते जवळपास 8 हजारांच्या मताधिक्याने निवडून आले होते. या वेळी ते उभे नव्हते. त्यांच्या जागी निवडून आले हुजूर पक्षाचे इयन लेव्ही, सरकारी आरोग्यसेवेत मानसिक रुग्णांची शुश्रूषा करणारे कर्मचारी. मताधिक्य 712.

आकडा छोटा, पण स्टुडिओतली जाणकार मंडळी क्षणभर गप्प झाली. ब्लाइथ गेलं म्हणजे काय काय जाऊ शकतं, हे त्यांना कळलं होतं. आणि पहाटेपर्यंत ते सगळं गेलं. वर्किंग्टन, ली, रेडकार. 1885 साली मतदारसंघ झाल्यापासून एकदाही हुजूर खासदार न दिलेलं बिशप ऑकलंड. टोनी ब्लेअर यांनी चोवीस वर्षं सांभाळलेलं सेजफील्ड.

बोल्सोव्हरमध्ये डेनिस स्किनर हरले. वय 87, स्वतः खाण कामगार, 1970 पासून सलग खासदार. खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे ते मतमोजणीला हजरही नव्हते. त्यांच्या नावापुढची मतं वाचली गेली तेव्हा व्यासपीठावर त्यांची जागा मोकळी होती. मजूर पक्षाला एकूण 202 जागा मिळाल्या, 1935 नंतरच्या सर्वांत कमी. हुजूर पक्षाच्या 365. बहुमत 80 चं.

त्या रात्रीची पहिली मोठी चकमक दोन पक्षांमध्ये झाली नाही, ती मजूर पक्षाच्या घरातच झाली. आयटीव्हीच्या स्टुडिओत माजी गृहमंत्री ॲलन जॉन्सन आणि पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांच्या गटाचे जॉन लॅन्समन शेजारी-शेजारी बसले होते. ॲलन जॉन्सन हे पोस्टमनच्या नोकरीतून वर आलेले. निकालाचं खापर त्यांनी तिथल्या तिथे, तोंडावर, कॉर्बिन आणि त्यांच्या पंथावर फोडलं, आणि तुमचं विद्यार्थी राजकारण घेऊन परत जा असं सुनावलं. ती चित्रफीत रात्रीतून सगळीकडे पसरली. कॉर्बिन यांनी स्वतः, आपल्या इस्लिंग्टन नॉर्थच्या मोजणीच्या वेळी, पुढची निवडणूक आपण पक्षाचे नेते म्हणून लढवणार नाही, एवढं जाहीर केलं.

ब्रिटिश ज्यूंपैकी अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला. पक्षातल्या ज्यूद्वेषाच्या तक्रारींची समान हक्क आयोगाकडून चौकशी चालू होती, आणि देशाचे मुख्य रब्बी एफ्राइम मिर्विस यांनी मतदानाच्या काही दिवस आधी उघड इशारा दिला होता. ही भीती खरी होती. ‘प्रसारमाध्यमांनी रचलेला बनाव’ म्हणून तिची बोळवण करणाऱ्यांनी आपल्याच देशबांधवांचं ऐकून घेतलं नाही, असं मी स्पष्ट म्हणेन.

[दृश्य: पडद्यावर फक्त आकडे.]

आता आकडे पाहू. त्या रात्रीचा राग कुठे वळायला हवा होता, ते यात दिसतं.

2017 साली हुजूर पक्षाला 1 कोटी 36 लाख मतं होती. 2019 साली 1 कोटी 40 लाखांच्या जरा आत. वाढ जेमतेम 3 लाख 30 हजारांची. मजूर पक्षाची मतं 1 कोटी 29 लाखांवरून 1 कोटी 3 लाखांवर आली. म्हणजे 26 लाख मतं गळाली. ‘लाल भिंत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मजूर पक्षाच्या उत्तरेकडच्या जुन्या बालेकिल्ल्यांच्या त्या पट्ट्यात काही लोक मनावर दगड ठेवून पलीकडे गेले, हे खरं. पण देशभरात पाहिलं तर मजूर पक्षाच्या हातून मतं निसटली ती चहूबाजूंनी. कोणी घरीच बसलं, कोणी ब्रेक्झिट पार्टीकडे गेलं, कोणी लिबरल डेमोक्रॅट्सकडे.

म्हणूनच शुक्रवारी सकाळी जे ऐकू येऊ लागलं ते अन्यायाचं होतं. उत्तरेकडचे लोक भुलले, अडाणी, वंशद्वेष्टे, आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतलीत, आता भोगा. ज्या गावातली खाण गेली, पोलाद कारखाना गेला, बस बंद झाली, त्या गावाने तीस-पस्तीस वर्षं निमूटपणे एकाच पक्षाला मत दिलं. तेव्हा त्यांना कोणी अडाणी म्हटलं नव्हतं. ज्या दिवशी त्यांनी वेगळं मत दिलं, त्याच दिवशी त्यांची अक्कल निघाली. हे बोलणं त्या माणसांपर्यंत पोचलं, आणि ते त्यांच्या मनात राहिलं.

पण लंडनच्या रस्त्यावरची मुलंही उगाच रडत नव्हती. युगव्ह या जनमत चाचणी संस्थेच्या निकालोत्तर पाहणीत 18 ते 24 वयोगटातल्या 56 टक्क्यांनी मजूर पक्षाला मत दिलं होतं, हुजूर पक्षाला 21 टक्क्यांनी. सत्तरीपुढच्यांत हुजूर पक्षाला 67 आणि मजूर पक्षाला 14. एकाच घरातली आजी आणि नात यांच्यात एवढं अंतर. ख्रिसमसच्या जेवणाला बारा दिवस उरले होते.

आणि मतदानपद्धतीने जखमेवर मीठ चोळलं. ही पद्धत आपल्या ओळखीची आहे, आपण ती ब्रिटनकडूनच घेतली. सर्वाधिक मतं मिळवील तो विजयी, बाकीच्यांची मतं वाया. लिबरल डेमोक्रॅट्सना जवळपास 37 लाख मतं आणि 11 जागा. स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेबारा लाखांच्या आत मतं आणि 48 जागा. ब्रेक्झिट पार्टीला 6 लाख 44 हजार मतं आणि एकही जागा नाही. देशातल्या निम्म्याहून किंचित अधिक मतदारांनी दुसऱ्या सार्वमताला अनुकूल असलेल्या पक्षांना मतं दिली होती. तरी सार्वमताचा विषय त्या रात्रीच संपला, कारण ही मतं फुटलेली होती.

स्कॉटलंडमध्ये तर निकालाचा अर्थच निराळा होता. लिबरल डेमोक्रॅट्सच्या नेत्या जो स्विन्सन 149 मतांनी पडल्या, तेव्हा दोन्ही मुठी वळून उसळलेल्या स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या नेत्या निकोला स्टर्जन कॅमेऱ्यात सापडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वातंत्र्याच्या सार्वमताची मागणी पुढे केली. उत्तर आयर्लंडमधून प्रथमच, ब्रिटनसोबत राहू पाहणाऱ्या युनियनवाद्यांपेक्षा, आयर्लंडशी एकत्र येऊ पाहणाऱ्या आयरिश राष्ट्रवाद्यांचे खासदार जास्त निवडून आले, 8 विरुद्ध 9. इंग्लंडमधल्या गदारोळात या बातमीकडे फार कमी लोकांनी पाहिलं.

[दृश्य: हॅरोची बाजारपेठ. मग स्विंडन, सकाळ, गोदामाकडे निघालेले कामगार.]

आपली माणसंही या निकालात होती. सप्टेंबरात मजूर पक्षाच्या अधिवेशनात काश्मीरवर ठराव झाला आणि भारतीय वंशाच्या अनेक मतदारांचा पारा चढला. व्हॉट्सॲपवर संदेश फिरू लागले. हॅरो ईस्टमध्ये हुजूर पक्षाचं मताधिक्य 1,757 वरून 8,170 वर गेलं. लेस्टर ईस्टमध्ये मजूर पक्षाचं 22 हजारांवरून 6 हजारांवर आलं. पंधरा भारतीय वंशाचे खासदार निवडून आले. त्यांत गोव्याशी नातं सांगणाऱ्या तिघी: सुएला ब्रेव्हरमन, व्हॅलेरी वाझ आणि नव्याने आलेल्या क्लेअर कुटिन्हो.

मला मात्र स्विंडनबद्दल जास्त बोलायचंय. पश्चिमेकडच्या या शहरात हजारोंनी गोंयकार राहतात. त्यांतले पुष्कळजण पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्व मिळवू देतो. लिस्बनमध्ये आजोबांच्या जन्माची नोंद करायची, कागद जमवायचे, भारतीय पासपोर्ट सोडून द्यायचा, आणि युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये कामाला यायचं. गोदामात पाळीची ड्युटी, एका घरात दोन कुटुंबं, रविवारी मास, आणि वर्षातून कधीतरी सभागृहात कोंकणी तियात्र.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत आहे. युरोपीय संघाच्या बहुतेक नागरिकांना नाही. म्हणजे पुण्याहून दोन वर्षांच्या कंपनीच्या कामावर आलेला, भारतीय पासपोर्टवरचा इंजिनिअर त्या गुरुवारी मतदान करू शकत होता. दहा वर्षं स्विंडनमध्ये कर भरणारी, मुलं तिथल्याच शाळेत शिकणारी मडगावची बाई, हातात पोर्तुगीज पासपोर्ट म्हणून, करू शकत नव्हती. 2016 च्या सार्वमतातही तिला मत नव्हतं. त्या सार्वमतात तिच्या शहराने सुमारे 55 टक्क्यांनी काडीमोडाच्या बाजूने कौल दिला होता. निर्णय तिच्याबद्दलचा होता.

निकालाची प्रतिक्रिया विचारायला कॅमेरे हिच्या दारात फारसे गेले नाहीत. तिची प्रतिक्रिया म्हणजे ‘सेटल्ड स्टेटस’चा, ब्रेक्झिटनंतरही ब्रिटनमध्ये राहू देणाऱ्या परवान्याचा, अर्ज. मोबाइलवर पासपोर्ट स्कॅन करायचा, चेहरा स्कॅन करायचा, आणि आपण इथेच राहतोय याचा पुरावा दाखवायचा. अशी तीस लाखांहून जास्त युरोपीय माणसं त्या वेळी ब्रिटनमध्ये होती. जखमा भरून येऊ द्या, हे भाषण त्यांनीही ऐकलं. मला त्या भाषणातली घाई खटकते. ज्यांना मतच नाही, त्यांचा उल्लेख तरी आधी व्हायला हवा होता.

[दृश्य: सेजफील्डचं क्रिकेट क्लब. टाळ्या, हस्तांदोलन.]

शुक्रवारी पहाटेच्या विजयसभेत जॉन्सन एक गोष्ट मात्र नेमकी बोलले होते. तुम्ही कदाचित आम्हाला मत उसनं दिलं असेल, फुली मारताना तुमचा हात थरथरला असेल, पुढच्या वेळी तुम्ही मजूर पक्षाकडे परतही जाल. शनिवारी ते सेजफील्डला गेले आणि हा विश्वास फेडू असं वचन देऊन आले.

31 जानेवारी 2020 च्या रात्री अकराला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला. पार्लमेंट स्क्वेअरमध्ये झेंडे नाचवले गेले. पुढे महामारी आली, टाळेबंदीत डाउनिंग स्ट्रीटवर झालेल्या पार्ट्यांचं प्रकरण आलं, जॉन्सन गेले, आणि जुलै 2024 मध्ये ब्लाइथ, बिशप ऑकलंड, बोल्सोव्हर या भागांनी उसनी मतं परत घेतली. मजूर पक्षाला 411 जागा मिळाल्या. वर्तमानपत्रांनी त्याला महाविजय म्हटलं. पण मतं किती? 97 लाख. कॉर्बिन यांचं पानिपत झालं तेव्हा पक्षाला याहून सुमारे साडेपाच लाख मतं जास्त होती.

स्विंडनच्या दोन्ही जागाही मजूर पक्षाने जिंकल्या. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्या गोंयकारांना तोवर मतदानाचा हक्क मिळाला होता. पोर्तुगीज पासपोर्ट आणि ‘सेटल्ड स्टेटस’ एवढ्यावरच राहणाऱ्यांना नगरपालिकेसाठी मत देता येतं. संसदेसाठी त्यांना 2024 सालीही मत नव्हतं.