चेंडू यायच्या आधी

नमस्कार श्रोतेहो.

भात कापून झालं की ज्या शेतात वायंगण, म्हणजे हिवाळी भात, लावत नाहीत, तिथं आमची मुलं गोल उभे करतात. दोन बांबू आणि वर सुंभाची दोरी. कापलेल्या भाताचे बुडखे तळपायाला टोचतात, चेंडू वाटेल तिकडं उसळतो, आणि पोरांची नजर काही केल्या त्या चेंडूवरून हटत नाही. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या या मुलांना मी बरीच वर्षं फुटबॉल शिकवतोय. आज ज्याच्याबद्दल बोलायचंय, त्या माणसाची नजर मात्र चेंडूवर फार थोडा वेळ असायची. आपला गोव्याचा फुटबॉलपटू, क्लिफर्ड मिरांडा.

धेंपो क्लबनं 2005 ते 2012 या काळात देशातलं सर्वोच्च विजेतेपद पाच वेळा गोव्यात आणलं. प्रशिक्षक होते आर्मांदो कुलासो. मध्यफळीत क्लायमॅक्स लॉरेन्स, आणि डावीकडे क्लिफर्ड. आम्ही चार-पाच जण मोटारसायकलींवरून मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जायचो. गॅलरीतले लोक चेंडूबरोबर डोकी फिरवायचे. मी क्लिफर्डची मान बघत बसायचो. चेंडू दुसऱ्याच्या पायात असतानाच त्याची मान दोनदा वळायची, एकदा या खांद्यावरून, एकदा त्या. मागं कोण आहे, मोकळा कोण आहे, हे सगळं टिपून झालेलं असायचं. चेंडू पायाशी आला की पास देऊन मोकळा. बघणाऱ्याला वाटायचं, याला घाई कशी ती नाहीच.

भारतीय संघातही तो बरीच वर्षं खेळला. 2012 च्या नेहरू चषकाची अंतिम लढत आठवत असेल. दिल्लीत कॅमेरूनशी 2-2 अशी बरोबरी, मग पेनल्टी. आपण 5-4 असे जिंकलो. आपल्या पाचही जणांनी चेंडू जाळ्यात टाकला, त्यांत क्लिफर्ड होता.

खेळ थांबला की नावाजलेल्या खेळाडूच्या वाट्याला शाली-श्रीफळं पुष्कळ येतात. क्लिफर्ड पुन्हा वही-पेन घेऊन शिकायला बसला. प्रशिक्षकाच्या परीक्षा एकेक करून देत आशियाई महासंघाच्या प्रो परवान्यापर्यंत पोचला. एफसी गोवाच्या राखीव संघातल्या पोरांबरोबर त्यानं काम केलं. तिथं टीव्हीचे कॅमेरे नसतात. दुलेरच्या मैदानावर दुपारच्या उन्हात शंभर-दीडशे माणसं, त्यांत निम्मे घरचेच.

मग 2020 चा फेब्रुवारी आला. साखळीचे तीन सामने उरले असताना एफसी गोवाचा मुख्य संघ हंगामी प्रशिक्षक म्हणून त्याच्या हाती आला. हैदराबादला 4-1, मुंबईला 5-2, जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर 5-0. इंडियन सुपर लीगची पहिली लीग शिल्ड, म्हणजे साखळीत अव्वल येणाऱ्या संघाची ढाल, गोव्यात आली, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब आपला ठरला. 2023 च्या एप्रिलमध्ये ओडिशा एफसीनं कोझिकोडला बंगळुरूला 2-1 हरवून सुपर कप जिंकला. तेव्हाही प्रशिक्षक हाच, आणि पुन्हा हंगामीच. हा शब्द मला खुपतो. आपल्या माणसाला पूर्ण हंगाम विश्वासानं द्यायला आपण अजून कचरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो भारताच्या 23 वर्षांखालच्या संघाला घेऊन चीनमध्ये दालियनला गेला. यजमानांकडून 1-2 आणि अमिरातीकडून 0-3. दोन सामने, दोन पराभव. पण श्रोतेहो, असा संघ क्लबाक्लबांतून गोळा करावा लागतो, शिबिराचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मान वळवायची सवय दहाव्या वर्षी लागली नसेल, तर विसाव्या वर्षी कुठलाही प्रशिक्षक ती आठवड्यात लावू शकत नाही. ते काम आमचं. शेतात, बांबूच्या गोलासमोर उभ्या असणाऱ्यांचं.

म्हणून माझ्याकडे एक साधा सराव आहे. मुलगा माझ्याकडे पाठ करून उभा राहतो. समोरून दुसरा त्याला पास देतो. चेंडू निघाला की मी पाठीमागं हात वर करून बोटं दाखवतो. चेंडू पायाला लागायच्या आत मान वळवून, किती बोटं ते ओरडून सांगायचं. सुरुवातीला सगळ्यांचा चेंडू पायाखालून निसटतो. निसटू दे. त्या दिवसांत मी गोल मोजत नाही. बांधावर उभ्या असलेल्या बाबांना मात्र ते पटत नाही. 'मार रे, मार पुढं!' असा आवाज आला की पोर बिथरतं आणि डोळे मिटून चेंडू भिरकावतं. परवा मी एका बाबांना जवळ बोलावलं, हात जोडून म्हटलं, दादा, दहा मिनिटं गप्प राहून फक्त त्याची मान बघा.

ते खरंच गप्प राहिले. पोरगं अकरा वर्षांचं, अंगानं किरकोळ, पायात मोठ्या भावाचे बूट, पुढं कापूस कोंबलेला. सहा वेळा चुकला. सातव्या वेळी चेंडू निघाला, मान वळली, 'तीन!' असं ओरडला, आणि चेंडू डाव्या पायावर घेऊन माझ्या उजव्या बाजूनं निघून गेला. बांधावरून बाबा म्हणाले, "सर, बोटं तीनच होती ना?"

तीनच होती.

नमस्कार.