पत्रादेवीच्या नाक्यापलीकडचा गोवा

[दृश्य: पत्रादेवी चेकनाका, पावसाळी सकाळ]

सावंतवाडीहून निघालेली रुग्णवाहिका नाका ओलांडते. राज्य बदललं, एवढंच. पेशंटला जायचं होतं बांबोळीलाच. सिंधुदुर्गातली माणसं दुखणं हाताबाहेर गेलं की गोमेकॉ, म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, गाठतात, कारवारकडचीही येतात. नकाशावर एक केंद्र, आणि त्याच्याकडे माणसांची, मालाची ये-जा. भूगोल याला कार्यात्मक प्रदेश म्हणतो. त्याला कुंपण नसतं. केंद्रापासून लांब जावं तशी ओढ पातळ होत जाते आणि पुढे कुठेतरी कोल्हापूरची सुरू होते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचाही असाच एक प्रदेश आहे, पण तो बांबोळीएवढा लांब पोचत नाही. मिरच्या घ्यायला कोण किती लांब जाणार!

[दृश्य: खाजन शेती, बांध, ओहोटी]

प्रदेश आखायची दुसरी रीत वेगळी. एक गुण निवडायचा आणि तो जिथवर सापडतो तिथवर रेघ ओढायची. हा एकजिनसी प्रदेश. हवामान खात्याने पावसाच्या हिशेबाने देशाचे 36 उपविभाग केले, त्यात ‘कोकण आणि गोवा’ हा एकच उपविभाग. ढगांना पत्रादेवीचा नाका कुठे ठाऊक?

चोडण, दिवाडीकडची ही खाजनं बघा. भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली, खाडीपासून बांध घालून राखलेली जमीन. बांधात ही मानस, म्हणजे लाकडी दारं. भरतीचं पाणी बाहेरून रेटा देतं, दार मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावायचीही गरज नाही. खारं पाणी सोसणारा कोरगुट भात इथेच पिकतो. मांडवी-जुवारीच्या काठची अशी सगळी शेतं जोडली, तर एक प्रदेश उभा राहतो. तालुक्यांच्या हद्दी त्यात कुठेच बसत नाहीत.

[दृश्य: म्हार्दोळ, म्हाळसेचं देऊळ, दीपस्तंभ]

प्रदेशाचा तिसरा प्रकार लोकांच्या मनातला. सरकारी कागदावर फोंडा तालुका, तोंडात मात्र अंत्रुज. तिसवाडी पोर्तुगिजांच्या हाती 1510 मध्ये गेली, बार्देश आणि साष्टी 1543 मध्ये. देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्णेची म्हाळसा अंत्रुजात आली, कारण तेव्हा अंत्रुज पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर होतं. अठराव्या शतकात तेही ‘नव्या काबिजादीं’त, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेल्या मुलखात गेलं. ती राजवट 1961 मध्ये संपली. जुन्या आणि नव्या काबिजादींचा फरक मात्र घरांच्या बांधणीत अन् सणावारांत अजून दिसतो.

[दृश्य: सत्तरी, म्हादईचं पात्र]

नदीचं खोरं कुठल्या प्रकारात घालायचं? माझ्या मते कार्यात्मकच, कारण त्याला बांधून ठेवतं ते वाहतं पाणी. म्हादई कर्नाटकात उगम पावते, गोव्यात मांडवी होते. तिच्या खोऱ्याचा थोडा भाग महाराष्ट्रातही आहे. 2010 मध्ये नेमलेल्या लवादाने 2018 मध्ये तिन्ही राज्यांना पाणी वाटून दिलं, तरी भांडण मिटलेलं नाही. कर्नाटकाला कळसा-भंडुरा या म्हादईच्या उपनद्यांतून काही पाणी मलप्रभेत वळवायचं आहे. मलप्रभा पूर्वेला, कृष्णेकडे जाते. तिकडे वळलेलं पाणी खोऱ्याबाहेर गेलं, ते परत येत नाही, हा गोव्याचा मुख्य आक्षेप आहे.