मोटरहोम एका बाजूला का बसतं? एअर सस्पेन्शनचे बलून बदलताना

[गाडी मागून. कॅमेरा बम्परच्या उंचीवर.]

नमस्कार मंडळी. हा मागचा बम्पर बघा. डावीकडून उजवीकडे नजर फिरवा. उजवी बाजू चार बोटं खाली आहे. रात्री उभी केली तेव्हा गाडी सरळ होती, सकाळी अशी. इंजिन चालू केलं की थोड्या वेळात परत उचलते, आणि तिथेच लोक फसतात. मालक म्हणजे माझा आतेभाऊ. त्याचं एकच पालुपद, "होते ना सरळ? मग चालू दे की!"

आपण आहोत इंदूरला, देवास नाक्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये. गाडी म्हणजे बसच्या चासीवर बांधलेलं मोटरहोम, चाकांवरचं घरच म्हणा, मागच्या अ‍ॅक्सलला एअर सस्पेन्शन, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी गोळे. आपल्याकडच्या पिथमपुरात बनणाऱ्या ट्रॅव्हलरवर कॅम्पर बांधलं असेल, तर मागे सहसा पाटेच असतात, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. तुमचं दुखणं वेगळं, तुम्ही सुटलात.

[कॅमेरा गाडीखाली, टॉर्च.]

हा काळा रबरी गोळा म्हणजे एअर बॅग. उस्ताद लोक, म्हणजे मेकॅनिक, बलूनच म्हणतात, मीही तेच म्हणणार. वर चासीला प्लेट, खाली अ‍ॅक्सलवर पिस्टन, मध्ये रबर. त्या रबरात दोऱ्यांचे थर असतात, ताकद सगळी त्यांची. गाडी दबली की रबर पिस्टनवरून खाली गुंडाळत जातं, पायातला मोजा उलटा गुंडाळावा तसं. उचलली की परत उलगडतं. दर खड्ड्याला हेच. म्हणून भेगा आधी कुठे पडतात? या वळणावर, जिथे रबर गुंडाळलं जातं. वरवरच्या बारीक रेषा वयामुळे येतात, त्यांवर लक्ष ठेवायचं. पण भेगेतून दोरा दिसला की चर्चा संपली, बलून बदला.

आणि मोटरहोमचे बलून किलोमीटरपेक्षा वर्षांनी जास्त म्हातारे होतात. तीन-तीन महिने गाडी दारात उभी, हवा हळूहळू जाते, बलून चेपून घडी पडते, वरून मे महिन्याचं ऊन. रोज धावणाऱ्या बसचा बलून यापेक्षा सुखात असतो.

याच मंडळींत एक गंमतशीर गाडी सांगतो. अमेरिकेत १९७३ ते १९७८ मध्ये जीएमसी या गाड्यांच्या कंपनीने स्वतः मोटरहोम बनवलं होतं. फ्रंट व्हील ड्राइव्ह, मागे दोन्ही बाजूंना एकामागे एक दोन चाकं, आणि त्या दोन चाकांच्या मध्ये आडवा झोपवलेला एकच बलून. तो चाकांना धरणारे दोन्ही आर्म एकमेकांपासून ढकलतो. बलून गेला की ती अख्खी बाजू बसते. त्या गाड्यांचे मालक आजही बलून बदलत असतात. आपलं काम त्या मानाने सोपं आहे.

आता पाना हातात घ्यायच्या आधी टेप घ्या. हे कोणी करत नाही. गाडी सपाट जागेवर, हवा पूर्ण भरलेली, इंजिन चालू. अ‍ॅक्सलच्या मध्यापासून चासीच्या खालच्या कडेपर्यंत दोन्ही बाजू मोजा आणि खडूने चासीवरच लिहा. कंपनीने दिलेला आकडा असेल तर तोही शेजारी लिहा. हा आकडा नसेल तर शेवटी डोळ्यांनी अंदाज लावत बसाल.

[कॅमेराकडे, जवळून.]

थोडं हिशेबाचं बोलतो. समजा बलूनचा कामाचा व्यास २५ सेंटीमीटर. क्षेत्रफळ झालं साधारण ४९० चौरस सेंटीमीटर. आत ५ बार दाब असेल तर एक बलून अडीच टन उचलून धरतो. नळी खोलली, हवा गेली, की ते अडीच टन खाली येणार, आणि तुम्ही तिथेच झोपलेले. म्हणून चाकांना ठोकळे, जॅक चासीला, आणि जॅकच्या जोडीला घोड्या, म्हणजे वजन धरून ठेवणारे लोखंडी स्टँड. वजन घोड्यांवर बसल्याशिवाय कोणीही आत जायचं नाही. नुसत्या जॅकवर काम करणारा उस्ताद भेटला तर चहा प्या आणि निघा.

आता लेव्हलिंग व्हॉल्व्ह. हा छोटा दांडा व्हॉल्व्हपासून अ‍ॅक्सलपर्यंत जातो. गाडी खाली बसली की दांडा व्हॉल्व्हला सांगतो "भर", वर गेली की "सोड". तुम्ही चासी जॅकवर उचलली, अ‍ॅक्सल खाली लोंबला. दांड्याला वाटलं, गाडी फारच उंच झाली. तो हवा सोडत राहणार. काढताना हे आपल्या फायद्याचं. पण नवा बलून बसवल्यावरही तो हवा सोडतच असतो! तशीच गाडी खाली घेतली तर रिकामा बलून वेडावाकडा चेपतो, प्लेट आणि पिस्टनच्या मध्ये चिमटतो, आणि पहिल्याच दिवशी नव्या रबराला घडी पडते. म्हणून दांड्याचं खालचं टोक सोडवायचं आणि पुढे व्हॉल्व्ह हाताने चालवायचा.

खोलणं पटकन सांगतो. नळी काढा, टोक फडक्याने बांधा. वर दोन स्टड, खाली एक बोल्ट. गंजलेले असतात, आदल्या रात्रीच तेल मारून ठेवा.

[जुना उजवा बलून टेबलावर.]

आणि आता खरी मजा. गेल्या खेपेला हाच उजवा बलून बदलला होता, आणि जुना न बघता भंगारात टाकला. म्हणून आज हा दुसरा इथे पडलाय. हा बघा. वळणावर भेगा नाहीत. वरची प्लेट सरळ आहे. शॉकअप तुटला असता तर बलून ताणला जाऊन वरची कड प्लेटमधून ओढली गेली असती, तसंही नाही. पण बाजूला हा चकचकीत डाग, नखाएवढा, आणि मधोमध सुईएवढं भोक. उस्तादांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "भिया, ये फटा नहीं है, घिसा है."

घासला कशाला? बॉडी बांधताना पाण्याची टाकी चासीच्या बाजूला लटकवलीय, तिच्या पट्टीचा बोल्ट आतल्या बाजूला निघालाय. गाडी उभी असताना बोल्ट आणि बलूनमध्ये बोट जातं. पण गाडी दबली की बलून फुगून रुंद होतो, आणि बोल्टाला टेकतो. बलूनभोवती सगळीकडून किमान २५ मिलिमीटर मोकळी जागा हवी, हवा भरलेली असताना. शिवाय टाकी दोनशे लिटरची, म्हणजे दोनशे किलो एकाच बाजूला. तिकडेच गॅस, तिकडेच बॅटऱ्या. बोल्ट उलटा फिरवून बसवला, डोकं आत, शेपूट बाहेर. सगळ्या कामाला पाच मिनिटं!

नवे बलून दोन्ही बाजूंना टाकतोय. एक नवा, एक जुना अशी जोडी मला पटत नाही. प्लेटा तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर गंजाची खपली रबर खाते. बलूनला पीळ नको, वरची प्लेट आणि पिस्टन एका रेषेत. खालचा बोल्ट हवेच्या गनने ठोकू नका, पिस्टन प्लास्टिकचा असेल तर तडकतो. टॉर्क रेंच, आणि बलूनसोबत आलेल्या कागदावरचा आकडा. नळीचं टोक ब्लेडने काटकोनात कापा. ग्रीस, डिझेल रबराला लावायचं नाही, बसवायला साबणाचं पाणी पुरतं. आणि गाडीबाहेर, मोकळ्या बलूनमध्ये हवा भरून बघायचा मोह आवरा.

आता थोडी हवा, रबर पिस्टनवर चारी बाजूंनी सारखं गुंडाळलंय का ते बघा, मगच घोड्या काढून गाडी हळूहळू खाली. दांडा जोडा, खडूचा आकडा जुळवा, जोडांवर साबणाचं पाणी. बुडबुडा आला तर जोड पुन्हा.

रात्रभर उभी ठेवून सकाळी परत मोजायची. मानपूरच्या पुढचा घाट एकदा चढून-उतरून आलात की वरचे नट पुन्हा तपासा. डावा जुना बलून ठीक आहे, तो अडीअडचणीला बेडखाली ठेवतोय, डिझेलच्या कॅनपासून लांब.