याइसा: राखेतली द्राक्षं

काळ्या राखेचा उतार. त्यात एकाला एक लागून गोल खड्डे आणि खड्ड्याच्या तळाशी द्राक्षाचा एखादाच वेल. मांडव नाही, तारा नाहीत. वेल जमिनीलगतच पसरलाय.

स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी लान्सारोतेच्या दक्षिणेला याइसा हे पांढऱ्या घरांचं गाव आहे. १ सप्टेंबर १७३० ला जवळच जमीन फाटली आणि १७३६ पर्यंत ज्वालामुखी ओकत राहिला. गावचे पाद्री आंद्रेस लोरेन्सो कुर्बेलो यांनी ते पाहून टिपून ठेवलं. पिकाऊ शेतं लाव्ह्याखाली, राखेखाली गेली.

इथं वर्षाकाठी पाऊस जेमतेम १५० मिलिमीटर. तरी वेल जगतो तो या भरड, सच्छिद्र राखेवर. गावकरी तिला 'पिकॉन' म्हणतात. पावसाचं पाणी आणि दव ती खाली मुरू देते, पण मातीतली ओल उन्हात उडू देत नाही. मात्र राखेत कस नाही, मुळांना जुनी माती हवीच. म्हणून राखेचा थर जाड असेल तिथं तीन-तीन मीटर खोल खणतात, माती लागली की वेल लावतात आणि मातीवर पुन्हा राख पसरतात. ईशान्येचा वारा थोपवायला काठावर दगडांची बुटकी, अर्धगोल भिंत. दगडावर दगड, मध्ये चुना नाही.

सगळ्यात जपायचं ते राखेला. तिच्यात माती मिसळली की ओल वर चढते आणि उडून जाते. त्यामुळे तण हातानंच काढायचं, तेही वरवर. माल्वासिया जातीच्या द्राक्षावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पटकन येते, म्हणून गंधकाची भुकटी धुरळतात. जुलैअखेर तोडणी सुरू होते. या उतारावर यंत्र उतरत नाही. भरलेले क्रेट माणसंच वर चढवतात. हेक्टरी वेल तीनशेच्या आसपास, त्यामुळे इथली वाइन महाग असते आणि ती असायलाच हवी.

जवळच्या हानुबियोला मिठागरं आहेत. मासे खारवायला तिथलं मीठ जायचं. शीतगृहं आली आणि मागणी आटली. उगा गावचे उंट पूर्वी शेतात राबत, आता तिमानफायाच्या ज्वालामुखी उद्यानात पर्यटकांना फिरवतात. पगाराची नोकरी हवी तर किनाऱ्यावरच्या प्लाया ब्लांकाची हॉटेलं.

पोरं तिकडं गेली की खड्डा उपसायला कुणी उरत नाही. वारा राख आत लोटत राहतो, वेल बुजतो, आणि उतारावर दगडांची अर्धगोल भिंत तेवढी दिसते.