शिंकं, बोका आणि पिंजरा

‘आमची मनी तशी नाही जी, डॉक्टरसाहेब. ती काहीच करत नाही.’ नागपुरात इतकी वर्षं जनावरांची डॉक्टरी केली, त्यात हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी सांगणाऱ्याच्या हातात बुटाचं खोकं आणि खोक्यात फुगून बसलेलं पाखरू. म्हणजे मनीनं काहीतरी केलेलं होतंच.

मी मनीला दोष देत नाही, मालकाला थोडा देतो. पोटभर दूधभात खाल्लेली मांजरसुद्धा फडफड दिसली की झेपावते. भूक वेगळी, शिकार वेगळी. तिला रागावून, कान पिळून हे जात नाही. तुम्ही घरात असेपर्यंत ती पिंजऱ्याकडे बघत नाही आणि तुम्ही भाजी आणायला गोकुळपेठेत गेलात की बघते, एवढाच फरक पडतो.

आपल्या आज्या या बाबतीत जास्त व्यवहारी होत्या. बोक्याला शहाणं करण्याच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. दही शिंक्यात ठेवलं, शिंकं आढ्याला टांगलं, भिंतीपासून लांब, जवळ फळी नाही की कोनाडा नाही. आणि म्हण बघा, ‘शिंकं तुटलं अन् बोक्याचं फावलं’. बोका होता तसाच होता, तुटलं ते शिंकं. घरात मांजर आणि पिंजऱ्यात पाखरू, अशी दोन्ही असलेल्यांना आज मला तेवढंच सांगायचं आहे. मांजर सुधारू नका, शिंकं तपासा.

फक्त एक फरक आहे. दह्याला भीती वाटत नाही, पाखराला वाटते. पिंजरा कितीही पक्का असला तरी खाली बसून दिवसभर कुणी टक लावून बघत असेल, तर ते पाखरू खाणं कमी करतं, पिसं उपटतं, रात्री दचकून तारांवर आपटतं. म्हणून उंच टांगून भागत नाही. खोलीच वेगळी हवी आणि तिचं दार लागायला हवं.

पाखरू कोणतं, हेही सांगून टाकतो. आपला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. मुनियाही ठेवता येत नाही. बाजारात ज्यांना सरसकट लव्ह बर्ड म्हणतात ते बहुतेक बजरीगर नावाचे छोटे पोपट, मूळचे ऑस्ट्रेलियातले. वजन तीस-चाळीस ग्रॅम. मांजरीच्या पंजापुढे तीस-चाळीस ग्रॅम म्हणजे काय, विचार करा.

आता स्वस्तातला पिंजरा घ्या. दाण्यापाण्याच्या वाट्यांजवळची दारं वर सरकणारी असतात. मांजर पंजानं ती सहज उचलते. प्रत्येक दाराला कडी किंवा क्लिप लावा. खालचा ट्रे नुसता सरकवलेला असतो, पिंजरा पडला की ट्रे निघतो आणि वाट मोकळी. तोही बांधा. पिंजरा स्टुलावर नको, भिंतीत घट्ट बसवा. दांडी मधोमध हवी, शेपूट तारांबाहेर यायला नको. पाखरू मोकळं सोडायचं असेल तर मांजर दुसऱ्या खोलीत, पंखा बंद आणि कडी आतून. मांजरीच्या गळ्यात घंटा बांधू का, असं विचारतात. घंटेचा उपयोग ज्याला उडून जाता येतं त्याला. पिंजऱ्यातल्यानं ती ऐकून काय करायचं?

आणि नागपुरात कूलर. होळी झाली की खिडकीची काचेची तावदानं निघतात, कूलर बसतो, पावसाळ्यात उतरतो आणि भोकाला पुठ्ठा लागतो. आमच्या घरचीच गोष्ट. मी डॉक्टर, दोन बजरीगर, एक मांजर, सगळं जागच्या जागी. जूनच्या शेवटी कूलर काढला, ‘उद्या जाळी लावू’ म्हणून पुठ्ठा ठोकला. पहाटे आवाज झाला. आमची मनी स्वयंपाकघरात गाढ झोपलेली. पुठ्ठा ढकलून आत आला होता गल्लीतला बोका. एक पाखरू गेलं. दुसऱ्याच्या पंखाखाली एवढासा ओरखडा होता.

तो एवढासा ओरखडाच महत्त्वाचा. मांजरीचे दात सुईसारखे, जखम वरून टाचणीएवढी, पण खोल, आणि पिसांनी लगेच झाकली जाते. तिच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. पाखराच्या रक्तात ते शिरले तर एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. पाखरू उडलं, दाणे टिपले, म्हणून निश्चिंत होऊ नका. आजार लपवणं हा त्याचा स्वभावच आहे. मांजरीनं तोंडात धरलं होतं एवढं कळलं तरी पुरे, रक्त दिसो न दिसो, त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. आपल्याकडे सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जा. तोवर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. हळद भरू नका, चोचीत पाणी ओतू नका, घरातली माणसांची गोळी तर मुळीच नको. आणि मुठीत आवळू नका. पाखराला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, नसतं, छाती हलली तरच श्वास चालतो. प्रेमानं आवळून गुदमरवलेली पाखरंही माझ्याकडे आली आहेत.

मागच्या रांगेतून एक ताई विचारताहेत की मोबाइलवर मांजरीच्या डोक्यावर पोपट बसलेला दिसतो, त्याचं काय? ताई, तो दीड मिनिटाचा व्हिडिओ आहे. पाखरू सात-आठ वर्षं जगतं. लहानपणापासून सोबत वाढवलेल्या जोड्या मीही पाहिल्यात, त्यातल्या काहींची खोकीही पाहिलीत.

आमच्या त्या दुसऱ्या बजरीगराचं विचाराल तर ते वाचलं, पुढे चार वर्षं होतं. पुठ्ठ्याच्या जागी लोखंडी जाळी आली. खोलीला जाळीचं दार बसवलं, स्प्रिंगचं, आपोआप लागणारं. ते इतकं धाडकन आपटतं की दुपारची झोप मोडते. घरात रोज भांडण होतं. स्प्रिंग मी अजून काढू दिलेली नाही.