ठिणगी आणि पेट्रोल, दोघांचं घड्याळ एकच

नमस्कार श्रोतेहो.

खानापूरहून जांबोटीकडं जाताना भर पावसात बंद पडलेली एक पेट्रोलची मोटार बघायला मला बोलावलं होतं. स्टार्टर फिरतोय, इंजिन काही उचलत नाही. मालकांनी प्लग बदलले होते, प्लगला वीज देणारी कॉइलही नवी घातली होती. मी तपासलं तर ठिणगी नाही आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टरही उघडत नाही. दोन्ही एकदम कसं जाईल? या दोघांना वेळ सांगणारा एकच असतो, तो क्रँक सेन्सर.

पिस्टनच्या वरखाली होण्यानं जो दांडा फिरतो तो क्रँक. त्यावर दातेरी चाक असतं. बऱ्याच मोटारींत जागा 60 दातांची, पण दात 58च. दोन मुद्दाम सोडलेले. ती रिकामी जागा सेन्सरसमोर आली की ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, ठाव लागतो आणि तिथून 6-6 अंशांनी मोजणी चालते. मात्र चार स्ट्रोकला क्रँक दोनदा फिरतो. पिस्टन वर आलाय तो कॉम्प्रेशनला, म्हणजे मिश्रण दाबायला, की एक्झॉस्टला, म्हणजे धूर बाहेर टाकायला, हे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा सेन्सर सांगतो.

आता वेळ किती बारीक ते बघा. 3000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 3000 फेऱ्यांना, क्रँक सेकंदाला 50 फेरे घेतो. एक अंश म्हणजे सेकंदाचा 18 हजारावा भाग! मिश्रण पेटून जोर धरायला 2 मिलिसेकंद लागतात असं धरलं, तर तेवढ्यात क्रँक 36 अंश पुढं गेलेला असतो. म्हणून पिस्टन माथ्याला पोचायच्या आधीच ठिणगी टाकतात. तवंदी घाटात पूर्ण रेस दिली की सिलिंडर गच्च भरतो, जाळ लवकर पसरतो. मग ठिणगी थोडी मागं घ्यावी लागते, नाहीतर इंजिन ठोकायला लागतं. पूर्वी सेन्सरऐवजी पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क असायचे; त्या काळात ठिणगी पुढंमागं करायचं काम वजनं, स्प्रिंगा आणि व्हॅक्यूम सांभाळायचे. पॉइंटची टाच झिजली की फट कमी व्हायची, ठिणगी उशिरा पडायची आणि आम्ही फट मोजायच्या पट्ट्या, फीलर गेज घेऊन बसायचो.

पेट्रोलही याच दातांवर चालतं. इनटेक व्हॉल्व्हच्या मागं फवारा कधी सोडायचा ते दात मोजून ठरतं, इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते आत येणाऱ्या हवेवरून. 1 एप्रिल 2020ला बीएस सहा हा धुराचा नियम आला आणि आपल्या बहुतेक नव्या दुचाक्यांतही कार्बुरेटर जाऊन हीच पद्धत आली.

त्या मोटारीत सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडल्या होत्या. सेन्सरच्या टोकाला लोखंडी कीसही चिकटला होता. पुसून, वाळवून बसवलं आणि गाडी सुरू झाली. तेव्हा ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम गेलं, तर नव्या कॉइलचे पैसे मोजायच्या आधी मेकॅनिकला एवढंच सांगा: क्रँक सेन्सर काढून बघा की हो.